जुन्या संगणकासाठी वायफाय कार्ड : खरेदीपूर्वी काय पाहाल?

जालना जिल्ह्यातील शाळा, पतसंस्था, कृषी सेवा केंद्रे, मोंढ्यातील अडतीची दुकाने आणि घरोघरच्या अभ्यासाच्या खोल्या यांतून दहा-पंधरा वर्षांपूर्वी घेतलेले संगणक आजही काम करताना दिसतात. केंद्र शासनाची शाळांसाठीची संगणक साक्षरता योजना डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली. २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने संगणकाची ओळख तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचविली. त्या काळात आणि त्यानंतर घेतलेल्या यंत्रांपैकी कित्येकांत तारेने जोडण्याची सोय आहे. मात्र बिनतारी जोडणीची नाही. याउलट, आता घरात किंवा कार्यालयात येणारी इंटरनेटची जोडणी बहुधा राऊटरपाशी येऊन थांबते आणि तेथून पुढे ती हवेतूनच वाटली जाते.

अशा वेळी संगणकाला वायफाय कार्ड बसवावे, हा विचार सुचणे स्वाभाविक आहे. मात्र या साध्या वाटणाऱ्या खरेदीत फसगत होण्याचा संभव मोठा असतो. जाफराबाद किंवा मंठा येथून जालन्याच्या बाजारात जाऊन आणलेले कार्ड घरी आल्यावर खाचेत बसत नाही. बसले तर त्याचा ड्रायव्हर मिळत नाही. ड्रायव्हर मिळाला तर राऊटरचे नाव दिसत नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज किंवा पीक विम्याची नोंदणी करण्याची अखेरची तारीख उद्यावर आलेली असते आणि संगणक मात्र मुका बसलेला असतो. असा प्रसंग ओढवू नये म्हणून खरेदीपूर्वी कोणत्या गोष्टी पडताळून पाहाव्यात, याचे हे विवेचन.

कार्डाची खरोखर गरज आहे काय?

पहिला प्रश्न हाच असावा. संगणक आणि राऊटर एकाच खोलीत किंवा शेजारच्या खोलीत असतील, तर साधी नेटवर्क केबल हा सर्वांत स्वस्त, वेगवान आणि निर्धोक मार्ग होय. कॅट-५ई प्रकारच्या केबलची एक सलग जोडणी १०० मीटरपर्यंत चालते. म्हणजे ग्रामपंचायत कार्यालयात आलेली जोडणी त्याच आवारातील शाळेच्या खोलीपर्यंत नेण्यासही ती पुरेशी ठरू शकते. अशी केबल उघड्यावरून नेताना उन्हाचा, पावसाचा आणि विजेचा विचार करावा लागतो, हे मात्र खरे.

दुसरा मार्ग भ्रमणध्वनीचा. अँड्रॉइड भ्रमणध्वनी यूएसबी केबलने संगणकाला जोडून त्यातील ‘यूएसबी टेदरिंग’ सुरू केल्यास विंडोज ७ किंवा त्यानंतरच्या प्रणालींवर आणि बहुतेक लिनक्स प्रणालींवर इंटरनेट मिळते. फोन स्वतः वायफायला जोडलेला असेल, तर अनेक फोन तीच जोडणी संगणकाला पुरवितात. एखाद्या दिवसाची निकड भागविण्यासाठी हा उपाय उत्तम.

तिसरा मार्ग फारसा परिचित नाही, पण अतिशय जुन्या यंत्रांसाठी तोच सर्वोत्तम आहे. बाजारात मिळणाऱ्या काही छोट्या राऊटरमध्ये ‘क्लायंट’ किंवा ‘ब्रिज’ नावाची कार्यपद्धती असते. असा राऊटर मुख्य राऊटरचे बिनतारी संकेत स्वतः घेतो आणि तारेच्या साध्या जोडणीतून संगणकाला देतो. संगणकाच्या दृष्टीने ती केवळ केबल असते. त्यामुळे संगणकात कोणताही नवा ड्रायव्हर टाकावा लागत नाही, प्रणाली कितीही जुनी असली तरी अडत नाही आणि परवलीचा शब्द, कूटलेखन वगैरे सारी जबाबदारी त्या छोट्या राऊटरवर राहते. ज्या यंत्रात नेटवर्क केबलची जागा चालू आहे, पण कार्डाचा ड्रायव्हर मिळणे दुरापास्त आहे, त्यासाठी कार्डाच्या शोधात दिवस घालविण्यापेक्षा हा पर्याय शहाणपणाचा ठरतो.

या तिन्हींपैकी एकही मार्ग सोयीचा नसेल, तरच कार्डाकडे वळावे.

आधी यंत्राची ओळख

कार्ड घेण्यापूर्वी संगणकाचे कॅबिनेट, ज्याला आपण बोलीभाषेत ‘सीपीयू’ म्हणतो, ते विजेची जोडणी काढून उघडून पाहावे. मदरबोर्डवरील खाचा पाहिल्या की निम्मा निर्णय होतो.

साधारण साडेआठ सेंटिमीटर लांबीची, बहुधा पांढऱ्या रंगाची खाच दिसल्यास ती ‘पीसीआय’ समजावी. १९९२ साली आलेली ही पद्धत पेंटियम ४ आणि त्या पिढीतील जवळपास प्रत्येक संगणकात आढळते. तिची क्षमता सेकंदाला १३३ मेगाबाइट एवढी आहे. ती सर्व उपकरणांत वाटली जात असली तरी जुन्या वायफाय कार्डासाठी पुरून उरते. याच्या शेजारी जेमतेम अडीच सेंटिमीटर लांबीची छोटी खाच असल्यास ती ‘पीसीआय एक्स्प्रेस एक्स१’ असण्याची शक्यता आहे. ही पद्धत २००४ च्या सुमारास बाजारात आली. एक्स१ प्रकारचे कार्ड त्याच जातीच्या लांब खाचेतही बसते आणि चालते. मात्र पीसीआय कार्ड पीसीआय एक्स्प्रेसच्या खाचेत किंवा त्याउलट कधीही बसत नाही. नावातील साम्यामुळे होणारी ही सर्वांत मोठी चूक होय.

येथे आणखी एक इशारा द्यावयास हवा. पेंटियम ४ च्या काळातील काही बोर्डांवर मॉडेमसाठी एक लहान तपकिरी खाच असे. ती एक्स१ सारखी भासते; पण तिचा वायफायशी काही संबंध नाही. ग्राफिक्स कार्डासाठीची ‘एजीपी’ खाचही तपकिरी रंगाची असते. तीही आपल्या कामाची नाही. कॅबिनेट अरुंद असेल, तर कार्डासोबत आखूड पत्राही मिळतो का, हे दुकानातच पाहून घ्यावे. अन्यथा कार्ड बोर्डावर बसेल, पण झाकण लागणार नाही.

लॅपटॉपची गोष्ट निराळी. २००० ते २००५ या काळातील लॅपटॉपच्या बाजूला ‘पीसी कार्ड’साठी सपाट खाच असे. तिच्यात दोन प्रकार आहेत : जुना १६ बिटांचा आणि त्यानंतरचा ३२ बिटांचा ‘कार्डबस’. कार्डबस कार्डाच्या तोंडाशी बारीक उंचवटे असलेली सोनेरी पट्टी दिसते आणि ते जुन्या १६ बिटांच्या खाचेत जात नाही. त्यानंतरच्या लॅपटॉपमध्ये ‘एक्स्प्रेसकार्ड’ आले. त्याची रुंदी ३४ किंवा ५४ मिलिमीटर असते. लॅपटॉपच्या पोटात असलेली कार्डे प्रथम ‘मिनी पीसीआय’, नंतर ‘मिनी पीसीआय एक्स्प्रेस’ आणि अलीकडे ‘एम.२’ अशा क्रमाने बदलत गेली. मिनी पीसीआय एक्स्प्रेसमध्येही पूर्ण लांबीचे आणि अर्ध्या लांबीचे असे दोन आकार आहेत.

लॅपटॉपचे आतील कार्ड बदलण्यापूर्वी एक अडथळा ध्यानात घ्यावा. काही मोठ्या कंपन्यांच्या जुन्या लॅपटॉपच्या बायोसमध्ये मान्यताप्राप्त कार्डांची यादीच घातलेली असे. यादीबाहेरचे कार्ड बसविल्यास यंत्र सुरू होतानाच सूचना दाखवून थांबते. त्यामुळे लॅपटॉपच्या नेमक्या मॉडेलसाठी कंपनीने कोणती कार्डे दिली होती, हे तिच्या संकेतस्थळावरील दुरुस्ती पुस्तिकेत पाहणे किंवा सरळ यूएसबीचा मार्ग पत्करणे इष्ट.

यूएसबी : सोपी वाट, पण डोळे उघडे ठेवून

बाजारात सर्वत्र मिळणारे आणि ‘वायफाय डोंगल’ म्हणून ओळखले जाणारे यूएसबी उपकरण हा बहुतेकांसाठी सोयीचा पर्याय आहे. कॅबिनेट उघडावे लागत नाही आणि उद्या नवा संगणक आला तर तेच त्यालाही लावता येते. तथापि, संगणकातील यूएसबी कोणत्या पिढीची आहे, हे पाहणे अगत्याचे आहे.

यूएसबी १.१ ची कमाल गती सेकंदाला १२ मेगाबिट एवढीच आहे. प्रत्यक्षात त्याहून बरीच कमी मिळते. २००० साली आलेल्या यूएसबी २.० ची गती ४८० मेगाबिट आहे. २००२ च्या आधीच्या संगणकात बहुधा पहिलीच पिढी सापडते. अशा यंत्राला महागडे डोंगल लावणे म्हणजे पाऊलवाटेवर मालमोटार घालण्यासारखे आहे. त्या यंत्रात पीसीआय खाच रिकामी असेल, तर पीसीआय वायफाय कार्ड अधिक योग्य.

डोंगल नेहमी कॅबिनेटच्या मागील बाजूस, म्हणजे मदरबोर्डला थेट जोडलेल्या जागेत लावावे. पुढील बाजूची जोडणी आतून लांब वायरने नेलेली असते आणि जुन्या यंत्रात ती सैल झालेली असू शकते. यूएसबी २.० जागेतून ५०० मिलिअँपिअरपर्यंतच वीज मिळते. त्यामुळे मोठ्या अँटेनाचे डोंगल विजेची स्वतंत्र सोय नसलेल्या हबला लावल्यास वारंवार तुटत राहते.

आकड्यांचा अर्थ

खोक्यावर लिहिलेले ‘१५०’, ‘३००’, ‘६००’ हे आकडे सैद्धांतिक गतीचे असतात. त्यांच्यामागील मानके समजून घेतली तर निवड सोपी होते.

८०२.११बी हे मानक १९९९ सालचे. कमाल गती ११ मेगाबिट. ८०२.११जी २००३ साली आले. कमाल गती ५४ मेगाबिट, प्रत्यक्षात मिळणारी साधारण २० ते २५. ८०२.११एन २००९ साली मान्य झाले. एका अँटेनाच्या कार्डाला त्यात १५० मेगाबिटपर्यंत मजल मारता येते, मात्र गर्दीच्या वस्तीत निम्म्या रुंदीच्या चॅनेलवर ही मर्यादा ७२ वर येते. ८०२.११एसी २०१३ सालचे असून ते केवळ ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यात चालते. त्यानंतरचे ८०२.११एएक्स हे वायफाय ६ या नावाने परिचित आहे. २०१८ साली वायफाय अलायन्सने ही सुटसुटीत नावे रूढ केली. त्यानुसार एन म्हणजे वायफाय ४ आणि एसी म्हणजे वायफाय ५.

नवे राऊटर जुन्या कार्डांशी बोलू शकतात, म्हणून जुन्या यंत्राला अत्याधुनिक कार्ड हवेच असे नाही. उलट वायफाय ६ ची बहुतेक कार्डे विंडोज १० किंवा ११ साठीच ड्रायव्हर देतात. विंडोज एक्सपी किंवा ७ वर ती निरुपयोगी ठरतात. जुन्या संगणकाचा प्रोसेसर आणि स्मरणशक्ती हीच त्याच्या गतीची खरी मर्यादा असते. म्हणूनच पेंटियम ४ च्या पिढीला ‘एन’ आणि कोअर २ ड्युओ किंवा त्यानंतरच्या पिढीला दोन्ही पट्ट्यांत चालणारे ‘एसी’ कार्ड, हा ढोबळ नियम धरावयास हरकत नाही. निव्वळ ‘बी’ किंवा ‘जी’ प्रकारचे जुने कार्ड कोणी फुकट दिले तरी शक्यतो घेऊ नये. ते स्वतः तर मंद असतेच, शिवाय त्याच राऊटरवरील इतर उपकरणांचाही वेळ खाते.

ड्रायव्हर आणि चिप : निवडीचे मर्म

कार्डाच्या खोक्यावरील कंपनीपेक्षा आतील चिप कोणाची आहे, हे अधिक महत्त्वाचे. कार्डे विकणाऱ्या कंपन्या अनेक असल्या तरी चिप बनविणाऱ्या मोजक्याच आहेत : अथेरॉस, रालिंक, रिअलटेक, ब्रॉडकॉम, इंटेल, मीडियाटेक. यांपैकी अथेरॉस ही क्वालकॉमने आणि रालिंक ही मीडियाटेकने २०११ साली आपल्यात सामावून घेतली. त्यामुळे जुने ड्रायव्हर शोधताना दोन्ही नावे तपासावी लागतात.

एकाच मॉडेलच्या निरनिराळ्या आवृत्त्यांत चिप बदललेली असते, ही गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. टीपी-लिंकचे टीएल-डब्ल्यूएन७२२एन हे लोकप्रिय डोंगल याचे उत्तम उदाहरण. त्याच्या पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची चिप होती. दुसऱ्या आवृत्तीपासून रिअलटेकची आली. बाहेरून खोके तेच, नाव तेच. पण लिनक्स वापरणाऱ्याच्या दृष्टीने दोन भिन्न उपकरणे. म्हणून खोक्यावर किंवा उपकरणाच्या पाठीवर बारीक अक्षरांत छापलेला आवृत्तीचा क्रमांक वाचल्याविना पैसे देऊ नयेत.

विंडोज एक्सपीसाठी ‘एन’ प्रकारच्या बऱ्याच जुन्या कार्डांचे ड्रायव्हर उत्पादकांच्या संकेतस्थळांवर मिळत आले आहेत. विंडोज ९८ मध्ये मात्र बिनतारी जोडणीची अंगभूत सोयच नव्हती. तेथे वर सांगितलेला ब्रिजचा मार्गच व्यवहार्य. विंडोज ७ वर ड्रायव्हर सहसा मिळतो. परंतु त्या प्रणालीची अद्ययावने कधीच झाली नसतील, तर नव्या पद्धतीने प्रमाणित केलेला ड्रायव्हर ती नाकारू शकते. ३२ बिट आणि ६४ बिट प्रणालींचे ड्रायव्हर वेगवेगळे असतात, हेही ध्यानी ठेवावे.

लिनक्समध्ये अथेरॉसच्या ‘एन’ पिढीतील कार्डांना आणि रालिंक-मीडियाटेकच्या अनेक डोंगलना प्रणालीतच ड्रायव्हर मिळतो. काही वेगळे टाकावे लागत नाही. डेबियन १२ ही ३२ बिट संगणकांसाठी नेहमीचा इन्स्टॉलर देणारी त्या मालिकेतील अखेरची आवृत्ती ठरली. २०२५ साली आलेल्या डेबियन १३ मध्ये ती सोय राहिली नाही. जुन्या यंत्रावर लिनक्स घालू इच्छिणाऱ्यांनी आपला प्रोसेसर ६४ बिटांचा आहे का, हे आधी पाहावे.

ड्रायव्हर सहसा लहान सीडीवर येतो आणि जुन्या यंत्राचा सीडी ड्राइव्ह बहुधा बंद असतो. वायफाय चालविण्यासाठी ड्रायव्हर हवा आणि ड्रायव्हर उतरविण्यासाठी इंटरनेट हवे, असा पेच मग पडतो. यासाठी योग्य ड्रायव्हर दुसऱ्या संगणकावर उतरवून पेनड्राइव्हमध्ये आधीच आणून ठेवावा. काही डोंगल जोडताच सीडीसारखे दिसतात, कारण ड्रायव्हर त्यांच्यातच साठविलेला असतो. ते बिघडले आहे असे समजू नये.

सुरक्षिततेचा प्रश्न

हा सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग. बिनतारी संकेत भिंतीपलीकडे, रस्त्यावर आणि शेजारच्या घरातही जातात. ते कूटबद्ध करण्याची पहिली पद्धत ‘डब्ल्यूईपी’ केव्हाच मोडीत निघाली आहे. ती काही मिनिटांत भेदता येते. तिच्या जागी २००३ साली ‘डब्ल्यूपीए’ आणि २००४ साली ‘डब्ल्यूपीए२’ आली. ‘डब्ल्यूपीए३’ ही २०१८ सालची.

जे कार्ड केवळ डब्ल्यूईपी जाणते, त्याच्यासाठी राऊटरची सुरक्षा खाली आणणे म्हणजे एका खोलीच्या सोयीसाठी सबंध वाड्याचा दरवाजा उघडा टाकणे होय. असे कार्ड वापरूच नये. किमान डब्ल्यूपीए२ आणि त्यातील ‘एईएस’ कूटलेखन ज्याला येते, असेच कार्ड घ्यावे. विंडोज एक्सपीत ही सोय तिसऱ्या सर्व्हिस पॅकमध्ये, म्हणजे २००८ साली, अंगभूत झाली. नवा राऊटर केवळ डब्ल्यूपीए३ वर लावलेला असेल, तर जुने कार्ड त्याला जोडले जाणार नाही. अशा वेळी राऊटरमध्ये डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ यांची मिश्र पद्धत निवडावी.

कार्ड कितीही चांगले असले तरी प्रणालीचे वय लपत नाही. विंडोज एक्सपीचे साहाय्य ८ एप्रिल २०१४ रोजी, विंडोज ७ चे १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. एक्सपीवरील जुने ब्राउझर आजची अनेक सुरक्षित संकेतस्थळे उघडूही शकत नाहीत. अशा संगणकावरून बँकेचे व्यवहार करणे, आधार क्रमांक अथवा विद्यार्थ्यांची माहिती भरणे टाळावे. यंत्राची क्षमता असेल तर त्यावर हलकी लिनक्स प्रणाली घालावी आणि नसेल तर ते टंकलेखनापुरते, हिशेबापुरते ठेवावे. कार्डासाठी पैसे घालण्यापूर्वी हा हिशेब प्रामाणिकपणे केलेला बरा.

भिंती, पत्रे आणि अँटेना

मराठवाड्यातील जुन्या वाड्यांच्या दगड-मातीच्या हात-दोन हात रुंद भिंती आणि त्यांवरील माळवद उन्हाळ्यात गारवा देतात. पण रेडिओ लहरींना त्या मोठा अडसर ठरतात. पत्र्याचे छत आणि पत्र्याच्या भिंती तर लहरींना परत फिरवितात. औद्योगिक वसाहतीतील शेडमध्ये बसविलेल्या संगणकाला बाहेरच्या कार्यालयातील राऊटर दिसत नाही, तो याच कारणाने. पाण्याची टाकी मध्ये आली तरी लहरी क्षीण होतात.

अशा घरांत २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा ५ गिगाहर्ट्झपेक्षा अधिक दूर पोहोचतो, कारण त्याच्या लहरी भिंतींतून तुलनेने सहज पार होतात. त्याचे वैगुण्य असे की मायक्रोवेव्ह भट्टी, ब्लूटूथ आणि शेजाऱ्यांचे राऊटर यांची गर्दी त्याच पट्ट्यात असते. जालना शहरातील दाट वस्तीत, राऊटर जवळ असेल तर ५ गिगाहर्ट्झ. खेड्यातील जाड भिंतींच्या घरात २.४, असा विवेक करावा.

आतील कार्डाची अँटेना कॅबिनेटच्या मागे, लोखंडी पत्रा आणि भिंत यांच्या कोंडीत सापडते. संकेत घेण्यासाठी याहून वाईट जागा नाही. म्हणून ज्याची अँटेना काढता येते आणि जिला लांब वायरचा पाया लावून टेबलावर ठेवता येते, असे कार्ड पसंत करावे. डोंगलच्या बाबतीत दीड-दोन मीटर लांबीची यूएसबी एक्स्टेन्शन केबल हाच उपाय. डोंगल खिडकीशी किंवा दाराच्या वर टांगता येते. नखाएवढी डोंगल दिसायला देखणी असली तरी त्यांच्यात अँटेनाला जागाच नसते. राऊटरच्या खोलीबाहेर ठेवलेल्या संगणकासाठी ती घेऊ नयेत.

परदेशातून आलेले कार्ड

अमेरिकेतील आप्त सुटीवर येताना असे उपकरण घेऊन येतात. ते येथे चालते, परंतु एक मेख आहे. २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात आपल्याकडे १ ते १३ चॅनेल वापरली जातात, तर अमेरिकेसाठी बनविलेली कार्डे बहुधा ११ पर्यंतच पाहतात. राऊटर स्वतःहून १२ किंवा १३ वर गेला की अशा कार्डाला तो दिसेनासा होतो. राऊटरमध्ये १, ६ किंवा ११ यांपैकी एक चॅनेल कायम केल्यास ही अडचण दूर होते. आपल्या देशात २.४ गिगाहर्ट्झ पट्टा ठरावीक शक्तीच्या मर्यादेत २००५ साली परवानामुक्त झाला आणि ५ गिगाहर्ट्झ पट्ट्याची मोकळीक २०१८ साली वाढविण्यात आली. त्यामुळे घरगुती वापरासाठी वेगळा परवाना लागत नाही.

दुकानात विचारावयाचे प्रश्न

खरेदीस जाताना संगणकाच्या मदरबोर्डचे नाव, रिकाम्या खाचेचे छायाचित्र, प्रणालीचे नाव व बिट आणि राऊटरवरील सुरक्षेची पद्धत एका कागदावर लिहून न्यावी. विक्रेत्यास पुढील गोष्टी विचाराव्यात : आत कोणती चिप आहे? आवृत्ती कोणती? आपल्या प्रणालीचा ड्रायव्हर आहे का? डब्ल्यूपीए२ चालते का? आखूड पत्रा मिळेल का? चालले नाही तर किती दिवसांत परत घेणार? पक्की पावती अवश्य घ्यावी. जुन्या बाजारातून कार्ड घेताना तर ते दुकानातच एखाद्या यंत्रावर चालवून पाहावे.

बसविताना आणि बसविल्यावर

विजेची तार काढून, लॅपटॉप असल्यास बॅटरीही काढून, कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगातील स्थिर वीज उतरवावी आणि मगच कार्डाला स्पर्श करावा. मराठवाड्याच्या कोरड्या हवेत ही दक्षता विशेष आवश्यक आहे. खाचेतील धूळ मऊ कुंचल्याने झाडावी. कार्ड सरळ दाबून बसवावे आणि स्क्रू लावावा. काही डोंगलना ड्रायव्हर आधी आणि जोडणी नंतर, असा क्रम लागतो. सोबतचे पत्रक वाचावे.

कार्ड बसूनही इंटरनेट चालत नसेल, तर दोन गोष्टी पाहाव्यात. जुन्या लॅपटॉपच्या कडेला वायफाय बंद-चालू करण्याचा छोटा खटका असतो. तो बंद राहिलेला असू शकतो. दुसरी गोष्ट घड्याळाची. मदरबोर्डवरील गोल सेल संपलेला असल्यास संगणकाची तारीख कित्येक वर्षे मागे जाते आणि जोडणी पूर्ण असूनही सुरक्षित संकेतस्थळे उघडत नाहीत. दोष कार्डाचा नसून काही रुपयांच्या सेलचा असतो. सेल बदलून तारीख नीट केली की काम सुरू होते.

सारांश

रिकामी पीसीआय खाच असलेल्या पेंटियम ४ ला डब्ल्यूपीए२ जाणणारे, बाहेर काढता येणाऱ्या अँटेनाचे ‘एन’ कार्ड. कोअर २ ड्युओ किंवा त्यानंतरच्या संगणकाला दोन्ही पट्ट्यांत चालणारे यूएसबी २.० डोंगल आणि एक्स्टेन्शन केबल. बायोसची आडकाठी असलेल्या लॅपटॉपला डोंगल. आणि त्याहून जुन्या यंत्राला ब्रिज किंवा साधी केबल, असा हा हिशेब मांडता येईल. ज्या यंत्राला यांतील काहीच मानवत नाही, ते अडगळीत किंवा उकिरड्यावर न टाकता अधिकृत ई-कचरा संकलनाकडे द्यावे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नव्या नियमांनी त्याच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे.

जालना म्हणजे सोन्याचा पालना, असे पूर्वीपासून म्हटले जाते. या पालन्यातील प्रत्येक शाळेला नवा संगणक मिळेपर्यंत जुन्यानेच दिवस काढावे लागणार आहेत. त्यासाठी लागणारे कार्ड महाग नाही. ते घेण्यापूर्वी अर्धा तास कॅबिनेट उघडून पाहिले, तर पैसे आणि बाजाराची दुसरी खेप दोन्ही वाचतील.